विसण

मंगळवारी सकाळी आमच्या परसात पुढील वस्तू होत्या: तांब्याचा बंब एक, पेटलेला; घंगाळी दोन; कळशा तीन, पैकी एक गळकी; शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर एक, हेडमास्तरांच्या परवानगीने आणलेला; खिशातले घड्याळ एक, वडिलांचे, नेहमी मागे पडणारे; पाट एक; आणि पाटावर रंगूआत्या एक. या मोजणीत आपल्याला धरलेले आत्याला आवडले नाही.

"मी काय कळशी आहे?" ती म्हणाली.

"तसं नव्हे आत्या. प्रयोगाच्या आधी जे जे हजर आहे ते सगळं लिहायचं असतं."

"मग तो कावळाही लिही. तोही हजर आहे."

मी कावळा लिहिला. शास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबर होते.

या सगळ्यात मुख्य वस्तू म्हणजे आत्याचा उजवा हात. नवरात्रात विहिरीच्या धोंड्यावरून पाय घसरून तिचे मनगट मोडले. कळव्याच्या गुणाजी पाटलाने बांबूच्या कामट्या बांधून हाड बसवले, आणि चांगले बसवले. हे मी आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे गुणाजीचा या बाबतीत गैरसमज झाला. हाड जुळले. पण कामट्या सुटल्या तेव्हा आतून हात निघाला तो सुजलेला आणि लाकडासारखा. बोटे अर्धी मिटत आणि थांबत. मनगट वळतच नसे. एका डॉक्टरांनी हात न लावता, दुरूनच पाहून, "वय झालं" असे निदान केले.

या हातामुळे काय अडले होते ते सांगतो, कारण बाहेरच्याला ते क्षुल्लक वाटेल. आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे परत आली. तेव्हापासूनचा तिचा नेम असा की पहाटे स्नान करायचे, आपले लुगडे आपण धुवायचे, आपणच पिळायचे आणि काठीने उंच दांडीवर टाकायचे. दुसऱ्या पहाटे तेच कोरडे झालेले लुगडे सोवळ्यात नेसायचे. त्याला कोणाचा हात लागायचा नाही. आता डाव्या हाताने लुगडे धुता येत होते, पण पिळता येत नव्हते. पिळायला दोन हात लागतात, आणि दोन्ही उलट दिशांना वळावे लागतात. यावर कोणत्याही शास्त्राजवळ दुसरा उपाय नाही. ते नऊवारी लुगडे दिवसभर दांडीवरून गळत राही आणि खाडीवरच्या दमट हवेत दुसऱ्या पहाटेही ओलेच असे. आत्या ते तसेच नेसे आणि खोकत स्वयंपाकाला लागे.

"वन्सं, मी पिळते ना," आई रोज म्हणे. "मीही सोवळ्यातच आहे."

"ज्या दिवशी माझं लुगडं दुसऱ्यानं पिळायचं, त्या दिवशी मी या घरात नुसती खायला बसलेली," आत्या म्हणे. आणि एक दिवस तिने भाजी निवडता निवडता जाहीर करून टाकले की संक्रांत झाली की आपण पंचवटीत चुलत जावेकडे जाऊन राहणार. तिथे गोदावरीकाठी तिच्यासारख्या पुष्कळ बायका रामनाम घेत बसतात. त्यांना कोणी कामाचे विचारीत नाही.

वडील यावर काही बोलले नाहीत. ते कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि वरिष्ठांच्या निर्णयावर शेरा मारायची त्यांना सवय नव्हती. आत्या त्यांची थोरली बहीण. पण त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले. माझे विचाराल तर मला मोजायला आत्याने शिकवले होते, चिंचोक्यांवर. पुढे विश्वविद्यालयाने त्याला बी. एस्सी. असे नाव दिले.

या पदवीबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. आमच्या आळीत बी. ए. झालेले तिघे होते. बी. एस्सी. कोणी पाहिला नव्हता. घराच्या दुसऱ्या अर्ध्यात भाड्याने राहणाऱ्या आणि आमच्याच परसात वावरणाऱ्या कमळाकाकूंची समजूत अशी होती की बी. ए.ला जे नापास होतात त्यांना सरकार हे काहीतरी देते. "असू दे हो," त्या आईची समजूत घालीत, "मास्तरकी तर लागली ना!" मी ज्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत होतो तिथल्या ग्रंथालयात एक इंग्रजी मासिक येई. त्यात जर्मनीतल्या लोकांची हकीकत वाचली: आखडलेले सांधे आळीपाळीने ऊन पाण्यात आणि गार पाण्यात बुडवले असता पुन्हा चालू लागतात. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, थंडीने आकसतात, आणि साचलेले रक्त हलते.

"म्हणजे रक्त पिळायचं," आत्या म्हणाली.

"तसंच समज."

तिने विचार केला. "पिळून तर बघू," ती म्हणाली.

आता थर्मामीटरची अडचण. तो काचेचा, फिरंग्याने फुंकलेला, आणि शाळेत किती जातींच्या मुलांनी हाताळलेला. आईचा चेहरा उतरला. निर्णय आत्यानेच दिला: नळीत पारा आहे, पारा हे शंकराचे तेज, तेव्हा आतून वस्तू शुद्ध आहे, बाहेरचे आपण बघू नये. शिवाय हा खटाटोप स्नानाच्या आधी करायचा, म्हणजे सोवळ्याचा प्रश्न येत नाही. असा स्वच्छ निकाल मी हायकोर्टाचाही वाचलेला नाही.

तर त्या मंगळवारी मी बंबातले पाणी एका घंगाळ्यात काढले. फॅरनहाइटचे एकशे सहा अंश, उत्तम. दुसऱ्या घंगाळ्यात विहिरीचे गार पाणी ओतले आणि थर्मामीटर बुडवला. अठ्ठ्याहत्तर.

मला वाटले नळी बिघडली. पुन्हा बुडवला. अठ्ठ्याहत्तर. आत्याने हात घातला आणि म्हणाली, "बरं वाटतंय रे. कोमट आहे."

ही गोष्ट जर्मन लोकांनी लिहिलेली नव्हती. त्यांच्याकडे गार पाणी म्हणजे ओढ्यावरचा बर्फ फोडून आणलेले. ठाण्यात कार्तिक महिन्यात गार पाणी नावाची वस्तूच नाही, फक्त कमी ऊन पाणी आहे. माठाचे पाहिले: चौऱ्याहत्तर. ओले फडके गुंडाळून माठ वाऱ्यावर ठेवला: चौऱ्याहत्तर. दमट हवेत फडके वाळेना, त्याला मी काय करणार?

"वाळा घाल," आई म्हणाली.

"तुळशीखाली ठेव," कमळाकाकू म्हणाल्या. "नाहीतर असं कर, हात राहू दे, नारळाचं तेल लाव. माझ्या भावजयीच्या नणंदेचा पाय असाच होता."

"बरा झाला?"

"पाय ना? नाही. पण तेल फार चांगलं मिळतं तिथं."

अशा अवस्थेत मला शोरा आठवला. शोरा पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. जुन्या काळी बादशहा लोक सुरईतले पाणी असेच थंड करीत. मोठ्या घंगाळ्यात शोऱ्याचे पाणी, त्यात लहान पातेले, पातेल्यात साधे पाणी. मी आगगाडीने कल्याणला गेलो आणि दिवाळीचे बाण-भुईनळे करणाऱ्या एका दारूवाल्याकडून पाच शेर शोरा आणला. प्रयोग उत्तम झाला. पारा साठावर आला. आत्याने हात घातला आणि "आई गं!" म्हणून लगेच काढून घेतला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

शोरा फुकट जात नाही, ही त्यातली आणखी एक सुंदर गोष्ट. पाणी आटवले की तळाशी तो परत मिळतो. मी रोज शाळेतून आल्यावर परसात शेगडीवर तो कढवू लागलो. कमळाकाकूंनी हे पाहिले आणि तळ्यावर धुणे धुताना कौतुकाने चार बायकांना सांगितले की आमचा हरिहर शोरा कढवतो. त्या चौघींपैकी एकीचा नवरा पोलिसात होता.

फौजदारसाहेब शनिवारी सकाळी आले. पुण्याकडचे बंड होऊन पुरती दहा वर्षे झाली नव्हती, आणि शिकलेल्या तरुणाने शोरा बाळगणे ही गोष्ट सरकारला अजून रुचत नसे. हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात हा धडा नाही.

"शोरा कशाला लागतो?" त्यांनी विचारले.

"पाणी गार करायला."

"पाणी गार कशाला लागतं?"

"ऊन पाण्यानंतर घालायला."

"मग ऊन करताच कशाला?"

यावर मी रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण सुरू केले. फौजदार माझ्या मागे पाहत होते. तिथे बंबाच्या कोळशाचे पोते होते.

"कोळसा आहे," ते शिपायाला म्हणाले. "लिही." मग माझ्याकडे वळून अगदी मऊ आवाजात: "आणि गंधक? गंधक कुठं ठेवता?"

"आमच्याकडे गंधक कशाला असेल?" मी मोठ्या तोऱ्याने म्हणालो.

"आहे की रे!" आई आतून म्हणाली. तिला घरातली कोणतीही वस्तू कोणी मागितली आणि नाही म्हणावे लागले की कमीपणा वाटतो. "मागं तुला खरूज झाली होती तेव्हाची पुडी आहे. देऊ का त्यांना?" आणि ती पुडी घेऊनच बाहेर आली.

शोरा, कोळसा आणि गंधक. तोफेची दारू करायला याहून अधिक काही लागत नाही. शिपायाने लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत प्रथमच आदर होता. माझी खरूज हा या कटाचा एकमेव बचाव होता, आणि तो मला कमळाकाकू, त्यांच्या दोन मुली आणि कुंपणापलीकडचे जोशी वकील यांच्यासमक्ष मांडावा लागला. त्या मुलींपैकी थोरलीबद्दल माझ्या घरात काही बोलणे चालू होते. ते पुढे बंद झाले.

तेवढ्यात आत्या पुढे आली. तिने पदर सावरला आणि आपला उजवा हात फौजदारांपुढे धरला.

"मिटत नाही," ती म्हणाली. "त्याच्यासाठी चाललंय हे. मुलगा वेडा आहे, पण बंडखोर नाही. बंडखोराला इतकं मोजायला वेळ कुठला?"

फौजदारांनी तो हात पाहिला. मग टोपी काढून घाम पुसला. "आमच्या मातोश्रींचा असाच आहे," ते म्हणाले. "त्यांनी कोणाला दाखवला नाही." शोरा मात्र त्यांनी जप्त केलाच. कोळसा सोडला. गंधक अर्धे नेले, ते का हे मला आजतागायत समजलेले नाही.

वडील संध्याकाळी कचेरीतून आले ते काळवंडून. तिथे सगळ्यांना कळले होते. "हरिहर, बास," ते म्हणाले. "माझी वीस वर्षांची नोकरी आहे. उद्यापासून परसात पाणी फक्त अंघोळीसाठी तापेल."

"नाना, आत्या जाईल."

"मला माहीत आहे ती जाईल," ते म्हणाले, आणि पागोटे खुंटीवर ठेवताना त्यांचा नेम चुकला.

आत्या ओट्यावरून म्हणाली, "बाळू, पाण्याला बंदी नाही ना सरकारची?" वडिलांना बाळू म्हणणारे जगात एवढेच माणूस उरले होते. बंदी तिथेच उठली.

आणि निसर्गाने, जो शास्त्राचा खरा आश्रयदाता आहे, आमची बाजू घेतली. मार्गशीर्षात उत्तरेचा वारा सुटला. संध्याकाळी पसरट परातीत पाणी भरून परसात उघड्यावर ठेवले की पहाटे पारा एकसष्टवर सापडे. शोरा नको, फौजदार नको. मी वेळ ठरवून दिली: ऊन पाण्यात तीन मिनिटे, गार पाण्यात एक, अशा चार फेऱ्या, आणि पाण्यातच बोटे मिटायचा प्रयत्न करायचा. रोज पहाटे दोन्ही घंगाळी भरून, पारा पाहून, लिहून, मी आत्याला हाक मारी आणि घड्याळ आणायला आत जाई. घड्याळ वडिलांच्या उशाशी असे, आणि ते रोज वेगळ्याच जागी सापडे.

तीन आठवडे झाले. हात होता तसाच.

या तीन आठवड्यांत माझा स्वाभिमान आळीच्या मालकीचा झाला. जोशी वकील वाटेत थांबवून "काय, रक्त पिळून झालं का?" असे विचारीत. गुणाजी पाटील कळव्याहून मुद्दाम होडीने आला, कारण त्याच्या कानावर गेले होते की त्याने बसवलेले हाड बामणाचा पोर पुन्हा सोडवतोय. तो ओट्यावर बसला आणि दोन्ही घंगाळ्यांकडे पाहून म्हणाला, "माजे हातचा हाड हाय तो. पान्यान भिजत घालाला तो काय वाल हाय?"

"हाड उत्तम आहे, गुणाजी. हाडाबद्दल तक्रारच नाही."

"मंग मोड कनाला काढताय त्याला?"

मी त्याला चहा पाजला. तो काही समजला नाही, पण चहा त्याला आवडला. जाताना आत्याला म्हणाला, "बाय, हाड नाय हलत माजा. जीव हलला असंल तं मना नाय ठावं." आत्या हसली नाही.

पौषात, संक्रांतीला दहाएक दिवस असताना, एका पहाटे घड्याळ लगेच सापडले. मी लवकर परत आलो. आत्याचा हात गार पाण्यात होता आणि तिच्या चेहऱ्यावर पूर्ण शांतता होती. एकसष्ट अंशांच्या पाण्यात हात असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शांतता नसते. मी थर्मामीटर बुडवला. सत्त्याऐंशी. ऊन पाण्यात बुडवला. एक्क्याण्णव.

मी पाण्याचे उष्णमान हात घालण्यापूर्वी मोजत होतो. नंतर कधीच नाही. ही चूक मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही केली असेल असे मला वाटते. या घटकेला उदाहरण आठवत नाही.

दुसऱ्या पहाटे मी नेहमीप्रमाणे हाक मारली, आत गेलो आणि मागच्या दाराआडून पाहत राहिलो. आत्या येऊन पाटावर बसली. पहिली आई आली. तिने ऊन पाण्यात बोट घातले, "अगं बाई, पोळेल!" असे पुटपुटली आणि गार पाण्याचा तांब्या त्यात ओतला. विसण! आमच्या घरात ऊन पाण्यात विसण न घालता कोणाला पाणी दिले असे आजवर घडलेले नाही. मग कमळाकाकू आल्या, त्यांनी "थंडीच्या दिवसांत म्हातारीच्या हाताला असलं पाणी!" म्हणत बंबाखालून तांब्या भरला आणि गार घंगाळ्यात उलटा केला. मला वाटले, झाले. तर तेवढ्यात पंचा गुंडाळलेले वडील आले. त्यांनी आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. करंगळी गार पाण्यात बुडवली, मान हलवली आणि ऊन पाण्याची एक लहान लोटी, कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, त्यात सोडली.

तीन आठवडे आमचे सगळे घर आत्याला ऊन आणि गार यांच्या मधोमध, मायेच्या उष्णमानात, बसवून ठेवत होते.

मी बाहेर आलो. वडिलांच्या हातात लोटी तशीच राहिली.

"मी... तोंड धुवायला," ते म्हणाले.

"नाना, एकवीस दिवस! एकवीस दिवस मी आकडे लिहितोय!" माझा आवाज चिरकला, हे मान्य केले पाहिजे. "ऊन ते ऊन राहू द्या, गार ते गार राहू द्या, एवढंच तर काम होतं! आई, तू सुद्धा?"

"अरे, हात पोळला असता रे तिचा."

"आत्या, तुला कळत नव्हतं? तू सांगायचं तरी!"

आत्याने हात पाण्यातून काढून पदराने पुसला. "कळत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मीच वहिनीला म्हटलं, घाल थोडं विसण."

आई बंबाकडे वळून कोळसे सारू लागली.

"हे बघ हरी," ती म्हणाली. "तेल झालं, लेप झाला, त्या डॉक्टरचं झालं. उरलं एवढं तुझं पाणी. ते खरंखुरं करून बघायचं आणि नाही झालं, म्हणजे मग काही उरतच नाही. कोमट होतं तोवर मला म्हणता येत होतं, अजून नीट केलेलं नाही."

मी पुष्कळ वाचले आहे, पण प्रयोग फसेल या भीतीने प्रयोगच कोमट ठेवणारे माणूस मी प्रथमच पाहत होतो. आणि मग वाटले, प्रथमच कशाला? आदल्या पहाटेपर्यंत मी नंतरचे पाणी कधी मोजले नव्हते, ते तरी का?

मी पाटाशेजारी जमिनीवर बसलो. बाही वर सारली. "मी पण घालतो हात," मी म्हणालो. "दोघांचा पोळेल, दोघांचा गारठेल."

आत्या पाटावर सरकून बसली. मग म्हणाली, "बाळू, ती लोटी खाली ठेव. वहिनी, ताजं पाणी काढ. आणि कोणी विसण घातलं तर आज जेवायला मिळणार नाही."

त्या सकाळचे वर्णन करणे कठीण आहे. एकशे सहा अंशांत आम्ही दोघे "हाय हाय" करीत होतो. एकसष्टमध्ये हात गेला तेव्हा आत्याने माझ्या बापजाद्यांचा, म्हणजे तिच्याही, असा उद्धार केला की जोशी वकील कुंपणाशी आले. "मेल्या, कुठल्या जन्माचा वैरी तू!" ती ओरडली आणि मोडलेल्याच हाताने तिने मला थप्पड मारली. बोटे ताठ होती म्हणून ती फार लागली नाही. आई हात पदरात गुंडाळून उभी होती. सवयीने ते तांब्याकडे जात. दोनदा गेले. वडिलांनी दोनदा धरले. चाळीस वर्षांच्या वयात चारचौघांत बायकोचा हात धरण्याची त्यांची ही पहिली वेळ असावी. दोघेही तिकडे पाहत नव्हते.

चौथ्या दिवशी हाताची सूज उतरल्यासारखी वाटली. सहाव्या दिवशी आत्याने पाण्यात माझे बोट मुठीत धरले, आणि ते मला सोडवून घ्यावे लागले. हा परिणाम पाण्याचा, की बोटे हलवल्याचा, की कमळाकाकूंच्या तेलाचा, जे त्या रोज दुपारी मला न सांगता चोळीत, की आईच्या नवसाचा, हे शास्त्रीयदृष्ट्या सांगता येत नाही. त्यासाठी तुलनेला दुसरी एक आत्या हवी होती, तशीच पडलेली आणि तशीच हट्टी.

पण खरा प्रश्न लुगड्याचा होता, आणि पंचवटीहून चुलत जावेचा मुलगा न्यायला येऊन बसला होता. आत्याची वळकटी बांधून दाराशी ठेवलेली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उगाच रडारड नको आणि आग्रह नको. काहीतरी ठरवा, ज्याच्यापुढं कोणाचं काही चालणार नाही."

तिच्या लुगड्याला मी हात लावू शकत नव्हतो; तेव्हा ते तोलता येत नव्हते. पण लुगड्यातून खाली पडलेल्या पाण्याला सोवळे नाही. मी तसे सांगितले. दांडीखाली परात ठेवायची, पडेल ते पाणी गोळा करायचे. आत्याचा हात मोडल्यापासून रोज तीन-चार तांबे पाणी गळत होते. आत्याने फडताळातून माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली.

"ही भरली आणि वर थेंब आला, तर मी उद्या दुपारच्या गाडीनं जाते," ती म्हणाली. "नाही भरली, तर तो पोरगा तिळगूळ घेऊन एकटा जाईल. कबूल?"

कोणीच कबूल नव्हते. सगळे कबूल म्हणाले.

दुसऱ्या पहाटे फेऱ्या झाल्या. आत्या विहिरीवर गेली, न्हाली, लुगडे धुतले. मग तिने दोन्ही हातांत पीळ धरला. उजवे मनगट वळले, थांबले, थरथरले, आणि आणखी थोडे वळले. पुन्हा पीळ घातला. कपाळावरची शीर तेवढी दिसत होती. मग काठीवर घेऊन तिने लुगडे दांडीवर टाकले आणि ती पाटावर येऊन बसली, उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा.

पाणी पडू लागले. आधी धार, मग थेंब, मग मोजून घ्यावे असे थेंब. आमच्या घराचा अनुभव लक्षात घेऊन मी सगळ्यांना परातीपासून पाच हातांवर एका ओळीत बसवले. आईला कमळाकाकूंच्या शेजारी नाही. वडिलांच्या हातातला पंचा काढून घेतला, कारण पंचा पाणी टिपतो. पंचवटीच्या मुलाला पलीकडे बसवले. त्याच्याही डोळ्यांवर मला विश्वास नव्हता, तो आत्याच्या हातची पुरणपोळी दोन दिवस खात होता. शेवटी माझ्या लक्षात आले की परातीच्या सगळ्यांत जवळ मीच आहे. मी उठून ओळीत जाऊन बसलो आणि हात पाठीमागे धरले.

थेंब थांबायला बराच वेळ लागला. कमळाकाकू देवाचे नाव घेत होत्या. वडील दांडीकडे न पाहता तुळशीकडे पाहत होते. शेवटचा थेंब काठाशी येऊन लोंबकळला, पडेना, आणि मग वाऱ्याने लुगडे हलले तसा पडला.

"मोज," आत्या म्हणाली.

परातीतले पाणी सर्वांसमक्ष वाटीत ओतले. सोनाराचा काटा आणलेला होता. वाटीत बारा तोळे पाणी मावते. परातीतले पाणी सव्वाअकरा तोळे भरले.